मधाचा माथा कापा, पोळं राहू द्या

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रानमध, पंखाची उधई (वाळवी), नाकतोडे अशा रानातून गोळा करून खाल्ल्या जाणाऱ्या किड्यांबद्दल आणि त्यांच्या मधाबद्दल मराठवाड्यातून आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. निम्म्या पत्रांत आग्या मोहोळच आहे, त्यामुळे जागाही त्यानंच जास्त खाल्ली.

प्रश्न : आमच्या भागात आग्या मोहोळ रात्री टेंभे पेटवून झाडतात. मध मिळतो, पण झाडावरची पोळी वर्षागणिक कमी होत चालली. माशा न मारता मध कसा काढायचा? एकाच पोळ्यातून दोनदा मध निघतो म्हणतात, ते खरं का? (एक वाचक, किनवट)

उत्तर : खरं आहे. पण त्यासाठी पोळं कसं बांधलेलं असतं ते आधी डोळ्यांसमोर हवं. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, आडव्या फांदीला किंवा कड्याच्या पोटाला. पडद्यासारखं लोंबणाऱ्या त्या पोळ्याचा बराचसा भाग म्हणजे पिल्लांचं घर : अंडी, अळ्या आणि कोष. तिथली जाडी सगळीकडे सारखी, दोन बोटांच्या आसपास. मध मात्र वरच्या कडेला, बहुतेक वेळा एका टोकाला असतो. फांदी तिरपी असली तर चढत्या बाजूला. तेवढ्या जागी पोळं फुगून चार-सहा बोटं जाड झालेलं दिसतं. हा मधाचा माथा. माथा आणि पिल्लं यांच्यामध्ये परागाचा पट्टा असतो, रंगानं पिवळसर-तपकिरी. तुम्हाला हवा तो माल सगळा या पट्ट्याच्या अलीकडे आहे. पलीकडचं कापून हाती लागतात त्या अळ्या, आणि पिळताना त्या मधात उतरल्या की मध आंबट होतो.

टेंभ्याची रीत अमावास्येच्या आसपासची. अंधारात ठिणग्या खाली पडतात, माशा त्यांच्यामागे जमिनीवर उतरतात आणि परत वर जाऊ शकत नाहीत. मारल्या गेलेल्या माशांत राणी असली तर तो वंश तिथंच संपतो. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये खाली वाळलेलं गवत असतं; एका ठिणगीनं डोंगर पेटतो, आणि ज्या फुलांवर पुढचा मध व्हायचा तीही जातात.

उजेडात, ऊन कलल्यावर, साडेचार-पाचच्या सुमाराला काम धरा. तीन माणसं लागतात. एक वर, एक दोर आणि बादली सांभाळायला, एक खाली जनावरं आणि पोरं दूर ठेवायला. वर चढणाऱ्याच्या कमरेला चढायच्या दोरापेक्षा वेगळा दोर हवा, आणि तो वेगळ्या फांदीला बांधलेला. अंगात फिकट रंगाचे, गुळगुळीत कापडाचे दोन थर घाला, कारण आग्याची नांगी लांब असते, एका थरातून आरपार जाते. जाळीची टोपी रुंद काठाची घ्या. जाळी गालाला टेकली की टोपी असून नसल्यासारखी. केसांना वासाचं तेल त्या दिवशी नको.

धूर थंड आणि पांढरा हवा. धूरदाणीत खाली पेटती गोवरी, वर गोणपाटाचा तुकडा आणि सगळ्यात वर मूठभर ओलं गवत. धूर आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघा. चटका बसला तर तो माशांनाही बसणार. रॉकेल, डिझेलचे बोळे किंवा टायर चुकूनही नको, तो वास मधातून जात नाही. धूर माथ्याच्या टोकाकडून हळूहळू, थांबून थांबून, तीन ते पाच मिनिटं द्या. माशा मध पिऊन घेतात, जड होतात आणि पिल्लांच्या बाजूला सरकतात. माथा उघडा पडून पांढरा दिसू लागतो.

इथं घाई नडते. पोळ्यावर माशांची लाट उठते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सळसळत जाते. ती अधूनमधून उठली तर चालतं. लाटा एकामागून एक येऊ लागल्या आणि खालच्या कडेवरून माशा सुटायला लागल्या, तर हात थांबवा, खाली उतरा. त्या दिवशी तो मध आपला नाही.

माथा उघडा झाला की झाकणं बघा. मधाच्या घरांवर पांढरट मेणाचं पातळ झाकण असतं. दोनतृतीयांश घरं झाकलेली नसतील तर आठ-दहा दिवसांनी या. झाकलेली असतील तर स्टीलच्या लांब सुरीनं, पराग-पट्ट्यापासून बोटभर अलीकडे, उभा छेद द्या. मग फांदीच्या खाली दोन बोटं पट्टी सोडून आडवा कापा. ही पट्टी सोडण्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण नवा माथा माशा तिथूनच बांधतात. छेदातून दुधासारखा पांढरा रस आला तर सुरी पिल्लांत गेली, तिथंच थांबा. माथ्याचाही चौथा हिस्सा सोडा. खाली झाकणाची स्वच्छ बादली थेट माथ्याखाली धरा. मध पिल्लांवरून ओघळला की मुंग्या चढतात.

पोळं शाबूत राहिलं तर माशा त्याच रात्री किंवा सकाळपर्यंत बसलेल्या दिसतात. फुलोरा चालू असेल तर दोन-तीन आठवड्यांनी माथा पुन्हा भरतो. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत करडई, पुढं पळस, कडुनिंब, करंज. करंजाचा बहर ओसरला की कापणी बंद करा. पावसाच्या तोंडावर आग्या मुक्काम हलवते, त्या प्रवासाची शिदोरी तिच्यापाशी असली पाहिजे. आणि एका वडावर दहा पोळी असली तर तीन-चारांना हातच लावू नका. आग्या वर्षानुवर्षं त्याच झाडाला परतते, त्यामुळे गावाची खरी ठेव म्हणजे तो वड. रस्ता रुंद करताना तो तोडला तर इतकी सगळी काळजी वाया.

प्रश्न : आग्या माशा मागे लागल्या तर विहिरीत उडी मारावी का? (एक वाचक, कन्नड)

उत्तर : नाही. माशा वर घिरट्या घालत राहतात, माणूस श्वासाला वर आला की तोंडावरच बसतात, आणि विहिरीत बुडण्याचा धोका वेगळाच. तोंड आणि डोळे उपरण्यानं किंवा पदरानं झाकून सरळ रेषेत पळा. झाडांच्या दाटीतून, आडोशाला, शक्यतो बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. हात झटकू नका. माशी चावते तिथं पिकलेल्या केळासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावणं असतो. म्हणून चावलेल्या जागी थांबणं म्हणजे आणखी माशा बोलावणं. अजिंठा, वेरूळला लेण्यांच्या कड्यांवर पोळी लागतात. तिथं धूर, फटाके, अत्तर, ढोल यांपैकी काहीच नको.

नांगी लगेच काढा. नखानं की चिमटीनं हा वाद करत बसू नका, ती आत राहील तितका वेळ विष सोडत राहते. तोंड-ओठ सुजणं, श्वासाला धाप, उलट्या, अंगभर गांधी, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर १०८ला फोन करा. हळद-चुना लावत बसू नका. पन्नासच्या पुढं डंख असतील तर माणूस ठीक दिसत असला तरी दवाखान्यात ठेवा. मूत्रपिंडावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. लघवी कमी किंवा चहासारखी होणं ही त्याची खूण.

प्रश्न : बोराटीच्या झुडपात हाताच्या पंजाएवढं फुलोरी माशीचं पोळं असतं. पोरं फांदीसकट तोडून आणतात. ते वाचवता येतं का? (एक वाचक, भूम)

उत्तर : येतं, आणि आग्यापेक्षा सोपं आहे. फुलोरीचं पोळं फांदीभोवती गुंडाळलेलं असतं. वर, फांदीला धरून मधाचा मुकुट, खाली पिल्लांचा पंजा. थोड्या धुरानं, नसलाच तर नुसत्या फुंकरीनंही, माशा बाजूला सरतात. मुकुट आणि पंजा यांच्या सांध्यावर कापा. पंजा खाली पडू देऊ नका. बांबूच्या दोन कामट्यांमध्ये त्याची वरची कड हलकी धरा, दोन्ही टोकं सुतळीनं बांधा आणि त्याच फांदीला, त्याच दिशेनं टांगा. दोन-तीन दिवसांत माशा मेणानं सांधा पक्का करतात.

यात एकच गोष्ट हमखास चुकते. फुलोरी माशी पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाचं कडं लावते, मुंग्या येऊ नयेत म्हणून. पोळं दुसऱ्या फांदीवर बांधलं तर तिथं कडं नसतं, आणि एका रात्रीत मुंग्या पिल्लं फस्त करतात. त्यामुळे फांदी तीच ठेवा. बदलावीच लागली तर दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर ग्रीस लावलेली चिंधी गुंडाळा. माशा पोळं सोडून गेल्या तर रिकामं मेण आठवडाभर राहू द्या. मुक्काम जवळच हलवला असेल तर त्या जुन्या पोळ्यातलं मेण नेतात.

मध निघतो पावशेर-अर्धा किलो. त्यासाठी पोळं मारण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : बचतगटानं रानमध बाटल्यांत भरला. महिनाभरात फेस आला, दोन झाकणं उडाली. मध तर अस्सल होता. (बचतगटाच्या अध्यक्षा, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, अस्सल होता म्हणूनच आंबला. आग्या माशीच्या मधात पाणी जास्त असतं. २० टक्क्यांच्या वर गेलं की मधात मुळात असलेलं यीस्ट कामाला लागतं. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या मानकातही ओलाव्याची मर्यादा २० टक्केच आहे. तुमच्या पत्रात तीन कारणं दिसतात. पोळं हातानं पिळलं, त्यामुळे अळ्यांचा रस आणि पराग मधात उतरले. अर्धी घरं उघडी असताना कापलं. आणि पॅकिंग जुलैत केलं.

या तिसऱ्या कारणाकडे कोणी बघत नाही. मध हवेतलं पाणी ओढतो किंवा हवेला पाणी देतो, ते हवेवर ठरतं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असेल तर पातळ मध घट्ट होतो, वर असेल तर घट्ट मधही पातळ होतो. मराठवाड्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेसारखं फुकटचं यंत्र नाही. पोळ्याचे तुकडे करून नायलॉनच्या जाळीतून रात्रभर निथळू द्या, पिळू नका. निथळलेला मध स्टीलच्या उथळ परातीत, दोन बोटं उंचीपर्यंत, मलमलीनं झाकून, बंद कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा. दिवसातून दोनदा स्वच्छ कोरड्या चमच्यानं हलवा. हे काम मे अखेरीला संपलंच पाहिजे. ओलावा जिभेनं किंवा बोटानं कळत नाही. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर गटानं एकच घ्यावा, थेंबभर मधात आकडा दिसतो.

फेस आलेला मध विकू नका. आत्ताच फेस धरू लागला असेल आणि चव बिघडली नसेल तर गरम पाण्यात भांडं ठेवून मध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि लगेच गार करा, यीस्ट मरतं. थेट जाळावर ठेवलात तर रंग आणि वास दोन्ही जातील. आणि बाटलीवर ठळक लिहा : एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. जन्मघुटीत मध चाटवायची रीत आहे, पण मधातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंना तान्ह्याचं पोट थोपवू शकत नाही.

प्रश्न : मध थिजला, गिऱ्हाईक भेसळ म्हणतं. (एक वाचक, सेलू)

उत्तर : थिजणं हा मधाचा स्वभाव आहे. ग्लुकोज जास्त असलेला मध लवकर दाणे धरतो. कोमट पाण्यात बाटली ठेवली की विरघळतो. काडी पेटवणं, कागदावर थेंब टाकणं, कुत्र्याला देणं, या परीक्षा मनोरंजनापुरत्या.

प्रश्न : आमच्याकडे पोळ्यातली पिल्लं भाजून खातात. ते चांगलं की वाईट? (एक वाचक, माहूर)

उत्तर : खाण्याच्या दृष्टीनं त्यात वाईट काही नाही, अळ्या आणि कोषांत प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर असतो. अडचण हिशेबाची आहे. पिल्लांचा पडदा म्हणजे तीन आठवड्यांच्या आत कामाला लागणाऱ्या माशा. तो खाल्ला की दुसऱ्या माथ्याचा मध गेला. वाऱ्यानं फांदी मोडून पोळं खाली आलं, ते परत टांगण्यासारखं नाही, अशा वेळी पिल्लं खुशाल घ्या. त्याच दिवशी भाजा, सकाळचं संध्याकाळपर्यंत ठेवू नका, लवकर नासतं. आसपास कपाशीवर नुकतीच फवारणी झाली असेल आणि पोळ्याखाली मेलेल्या माशांचा सडा असेल, तर मध आणि पिल्लं दोन्ही सोडा.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखाची उधई निघते. वारूळ खोदून काढली तर जास्त मिळेल का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : एकदा मिळेल, नंतर कधीच नाही. वारुळाच्या पोटात राणी असते, तिच्या जिवावर दरवर्षी ही पाखरं तयार होतात. खोदलं आणि ती मेली की पुढच्या मृगात तिथून काही निघणार नाही. खेरीज वारुळात नाग-विंचू आसऱ्याला असतात. अंधारात, चिखलात, हात घालायची ती जागा नव्हे.

उडालेली पाखरं मात्र बिनघोर घ्या. त्यातली बहुतेक बेडूक, पाली, पक्षी खाणारच असतात. संध्याकाळी पाऊस उघडला आणि हवा दमट, निवांत असली की ती निघतात. खेळ थोडाच वेळ चालतो. वारुळापासून वीसेक पावलांवर जमिनीवर परात ठेवा, तीन बोटं पाणी घाला, वर हातभर उंचीवर बॅटरी किंवा दिवा टांगा. पाखरं उजेडाकडे येतात, पाण्यात पडतात. लगेच गाळून घ्या, पाण्यात तासभर राहिली की चव जाते. कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलवत भाजा. पंख सुटे होऊन करकरीत झाली की सुपात पाखडा, पंख उडून जातात. मग मीठ आणि तिखट टाकून पुन्हा दोन मिनिटं तवा. त्यांचं स्वतःचं तेल सुटतं, वरून घालायची गरज नाही. त्या तेलामुळेच ती साठवली की खवट होतात, आणि पुरती भाजली नसली तर बुरशी धरतात. दोन-तीन दिवसांत संपवा.

घराच्या पायाला किंवा फळबागेत वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस ओतलं असेल तर त्या आवारातली उधई घेऊ नका. पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली गोळा झालेलीही नको, ती कुठून आली ते कळायला मार्ग नाही.

आणि ज्यांना सुकट, जवळा किंवा कोळंबी खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं, त्यांनी उधई, नाकतोडे यांच्या वाटेला जाऊ नये. कोळंबी आणि कीटक यांच्यातलं एक प्रथिन इतकं सारखं आहे की शरीर दोघांना एकच समजतं.

प्रश्न : सोयाबीनमध्ये नाकतोड्यांचा सुळसुळाट आहे. पकडून खाल्ले किंवा कोंबड्यांना घातले तर एका दगडात दोन पक्षी? (एक वाचक, जिंतूर)

उत्तर : फवारलेल्या सोयाबीनमधले नाकतोडे माणसाला नको, कोंबड्यांनाही नको, औषध अंड्यात उतरतं. मेलेले, सुस्त पडलेले तर हातात घेऊ नका. भाजल्यानं कीटकनाशक जात नाही.

गायरानात, माळावर, जिथं फवारा पोचत नाही तिथले घ्या, तेही पहाटे. गारठ्यानं त्यांना उडी मारवत नाही, जाळी फिरवली की सहज हाती लागतात. एक दिवस जाळीच्या पिशवीत उपाशी ठेवा, पोट रिकामं होऊ द्या, नाहीतर गवताची कडवट चव राहते. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग मागच्या तंगड्या आणि पंख ओढून काढा. तंगड्यांवर काटे असतात, त्या न काढता भरपूर खाल्ल्या तर आतड्यात अडकतात. नंतर हवं तसं तळा.

प्रश्न : लाल मुंग्यांची चटणी म्हणतात ती आपल्याकडे करता येईल का? (एक वाचक, औसा)

उत्तर : ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमिलीपालच्या काई चटणीला २०२४ साली जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, बस्तरमध्येही ती बाजारात विकायला असते. ती मुंगी झाडाची पानं रेशमानं शिवून घरटं करते, आणि तिला दमट, दाट झाडी लागते. औशाच्या माळावर जमिनीतून निघणारी लाल मुंगी वेगळी, तिची चटणी होत नाही. खरी मुंगी सापडलीच तर एवढं लक्षात ठेवा : एका कुटुंबाची अनेक घरटी अनेक झाडांवर असतात, राणी त्यातल्या एकाच घरट्यात. सगळी उतरवली तर ती कधीतरी हाती लागणारच.

प्रश्न : जंगलातला मध काढायला परवानगी लागते का? (एक वाचक, हिमायतनगर)

उत्तर : २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण ही गौण वनोपजं आहेत. तुमच्या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला असेल तर गोळा करणं आणि विकणं हा हक्कच आहे, आणि नियम ग्रामसभा ठरवते. कोणत्या झाडाची किती पोळी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत काढायची, हे ठरावात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या चांगल्या हंगामात मोडतं. गौताळा-औट्रमघाट, येडशी-रामलिंग घाट, पैनगंगा ही अभयारण्यं आहेत. तिथं मान्य हक्क नसेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पोळ्याला हात लावू नका.

प्रश्न : मध निथळल्यावर उरलेलं मेण लोखंडी कढईत वितळवलं, काळं पडलं. (एक वाचक, भोकर)

उत्तर : लोखंडानं मेणाचा रंग जातो, तांब्यानंही. स्टीलचं पातेलं घ्या. त्यात आधी निम्मं पाणी, मग धुतलेलं पोळं. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, पाणी उकळू देऊ नका. गोणपाटातून दुसऱ्या पातेल्यात गाळा आणि झाकून रात्रभर सावकाश थंड होऊ द्या. सकाळी वर मेणाची वडी आलेली असेल. तिच्या बुडाला करडा गाळ चिकटतो, तो सुरीनं खरवडून टाका. काळं पडलेलं मेण मेणबत्तीला चालत नसलं तरी चांभाराकडे आणि दोऱ्याला लावायला खपतं.